वरचा दिवा

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, व्हॉल्व्हच्या कारखान्यात
केतुलभाईंना पडद्यावर मीटर हवे होते,
गाडीतले असतात तसे, काटा थरथरणारे.
"एवढे पैसे मोजले तर काहीतरी हललं पाहिजे ना, बेन?"

मी म्हटलं, काटा आकडा सांगतो एक
आणि जागा खातो बारा आकड्यांची.
त्यांनी चहा मागवला.
मीटर गेले. फुगीर गोल गेला,
त्याच्या सात फोडींसकट,
ज्यातली मोठी कुठली ते फोडींनाही माहीत नव्हतं.
सावल्या गेल्या, चकाकी गेली.
लोगो राहिला कोपऱ्यात. सोनेरी.
तेवढं हरावं माणसाने.

उरलेल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून ते म्हणाले,
"इथे काय येणार?"
काही नाही.
"काही नाहीचे पण पैसे?"
त्याचेच जास्त.

मग मी चौकोन मांडले.
आधी भट्ट्या, चारही, एका ओळीत,
मग परत आलेला माल,
मग तो तक्ता जो फक्त ऑडिटवाले बघतात, म्हणून तळाशी.
हिरवा म्हणजे ठीक. लाल म्हणजे धाव.
याहून सोपं काय असतं?

मंगळवारी रात्रपाळीत तिसरी भट्टी लाल झाली
आणि लालच राहिली वीस मिनिटं.
तिच्यासमोर फत्तेसिंह शिर्के, एकतीस वर्षांचे फोरमन,
डबा उघडून जेवत होते.
घाणा वाया गेला अख्खा.

"वय झालं त्यांचं," केतुलभाई.
मी काही बोलले नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या रात्री मी स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसले.
बराच वेळ ते तंबाखू मळत राहिले.
"जुन्या पॅनेलवर दिवे दोन असायचे, बाई.
वरचा पेटला की पळायचं,
खालचा पेटला की ही मळायची.
तुम्ही दोन्ही एकाच खोलीत कोंबलेत."

पण रंग, मी म्हटलं.
त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"काळ्या घोड्याच्या सिग्नललाही मी वरखालीच बघतो.
टोमॅटो दाबून घेतो.
भरतीच्या वेळी डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक धरलं,
त्या ठिपक्यांत आकडा असतो म्हणे.
माझ्या पुढचा पोरगा मोठ्यानं बोलला, चौऱ्याहत्तर.
मीही म्हटलं, चौऱ्याहत्तर.
घरी माहीत आहे. इथे नाही."

दांडिया बाजारात माझ्या खोलीवर
मी पडद्याचे रंग काढून टाकले
आणि बघत बसले.
एक, दोन, तीन, चार.
चार चौकोन, एकाच चुलीतली राख.
चित्रकलेत मी शाळेत पहिली यायचे.

आता ठीक असलेली भट्टी नुसती रेघेची चौकट असते,
बारीक, जवळजवळ नसल्यासारखी.
बिघडली की ती भरून येते काळीकुट्ट,
ओळ सोडून वर सरकते
आणि तिच्यात शब्द उमटतो: थांबवा.
लाल ठेवलाय मी कडेला थोडा,
ज्यांना लागतो त्यांच्यासाठी.

"हे एवढं काळं का?" केतुलभाईंनी विचारलं.
छपाईत बरं उठतं, मी म्हटलं.
त्यांच्या ऑफिसात प्रिंटर दिवाळीपासून बंद आहे.
त्यांनी मान डोलावली.

शुक्रवारी शिर्के पडद्यासमोर उभे राहिले,
हात मागे बांधून, जरा लांबून,
कुणाच्या घरी नवं कपाट बघावं तसे.
"वर सरकतं. बरंय."
मग कोपऱ्याकडे हनुवटी करून, हळूच,
"आणि ते तिथे? रंग कुठला?"
सोनेरी.
"असं होय.
मला वाटलं गंज चढलाय.
म्हटलं नवीन पडदा, एवढ्यात कसा?"