मधला पट

नारायण पेठेत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
रविवारी आठ पट मांडतात.
दाराजवळ सातवीतला ओजस
दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर काढतो,
'शह!' असा ओरडतो
की खाली पंक्चर काढणारा वर बघतो.

मी मधल्या पटावर. अकरा वर्षं मधल्याच.
पहिल्या बारा चाली पाठ,
तेराव्याला परकं गाव लागतं.
तिथे मी आधी घोडा उचलतो,
मग विचार करतो.

खिडकीशी शाल्मली तुळपुळे
तळहात मांडीखाली दाबून बसते.
समोर फुकटचा हत्ती.
घड्याळातली नऊ मिनिटं जाळून
ती कोपऱ्यातलं प्यादं
एक घर सरकवते.
चहावर साय.

नंतर जिन्यात विचारलं, का नाही घेतलास?
"घेतला असता," म्हणाली,
"पण तो फार आनंदानं देत होता."

परवा भावाचा मेसेज आला,
धायरीच्या प्लॉटवरून, चार ओळी.
उत्तर तयारच होतं माझं,
बाराव्या चालीपर्यंत.
मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.
पंखा फिरत राहिला.
मुंग्या आल्या.

मग उजवा सुटला.