पोच

प्रकल्प तीन वर्षांचा होता.
पैसे कुठल्या तरी थंड देशातून निघायचे,
यवतमाळमार्गे आमच्या गावात पोचेपर्यंत त्यांचं
एक लोखंडी कपाट, सहा खुर्च्या
आणि ‘विधी सल्ला केंद्र’ असा निळा बोर्ड झालेला असायचा.

मला अकरा दिवसांचं शिक्षण दिलं.
कलमं बरीचशी विसरले.
एक राहिलं: अर्ज दोन प्रतींत लिहायचा,
एक त्यांना, एक आपल्याला,
आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख.
पोच घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही.

लचमाबाई आत्राम पहिल्या वर्षी नुसती येऊन बसायची.
नवरा जिनिंगच्या पट्ट्यात गेला, ऐन हंगामात.
मालकानं मयतीचा खर्च दिला
आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला.
ती पाणी प्यायची, पंख्याकडं बघायची,
लुगड्यावरचे सरकीचे तंतू वेचायची.
महिन्याच्या तक्त्यात तिला कुठं लिहू, कळेना.
‘बसून गेली’ असा रकाना नव्हता.

मग एका मंगळवारी म्हणाली, लिही.

कामगार कचेरीतल्या बाबूनं अर्ज घेतला,
गठ्ठ्याखाली सारला. या आता.
ती उभीच.
त्यानं डबा उघडला, बंद केला.
“काय बाई आहे! अजिबात पोच नाही हिला.”
“थेच त मांगून राह्यली ना बाप्पा,” लचमाबाई म्हणाली,
“पोच. देऊन टाक, जातो मंग.”

शिक्का जांभळा उमटला, थोडा तिरपा.
तिला वाचता येत नाही.
एस.टी.त तिनं कागद खिडकीच्या वाऱ्याला धरला,
शाई वाळली तसा पिशवीत,
पिशवी कमरेला.

शेवटच्या भेटीत साहेबांनी दुभाष्याकरवी विचारलं,
किती जणींपर्यंत पोचलो आपण?
आणि न्याय किती जणींना मिळाला?
पहिला आकडा मी सांगितला.
दुसऱ्यासाठी कपाट उघडलं:
दोनशे चौदा पोचपावत्या,
तिरप्या, पुसट, एकीवर तर शिक्का उलटा.
त्यांनी फोटो काढला.

बोर्ड आता पंचायतीच्या न्हाणीला दार म्हणून आहे.
खुर्च्या लग्नांना जातात.
कपाट माझ्या घरात, तुरीच्या पोत्यांशेजारी,
आणि बाया ओसरीवर.

लचमाबाईची सातवी तारीख बावीसला.
मागच्या खेपेस मालकाचा वकील आजारी होता,
त्याआधी त्याची सासू.
“आजारी होता म्हन्ते,
त्याची पोच देल्ली का त्यानं कोर्टाले?”
मी हसले.
मग लिहायला बसले,
दोन प्रतींत.