आपलं ते वजा

संजीवनी दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रावरून परतली
तेव्हा मी माग बंद केला नाही.
पदराची चार बोटं राहिली होती,
आणि चालता माग मधेच थांबवला की
कापडावर आडवी रेघ उठते.

तिच्या पेटीत बर्फ नव्हता.
पांढरे गोल कागद, पापडीएवढे,
एकेका काचेच्या डबीत एकेक,
डबीवर अक्षांश, तारीख, किती लिटर.
"एवढ्या पाण्यात हे गावलं, बाबा."
मला काहीच दिसेना.
चाळीस वर्षं दिव्याखाली तुटकी टोकं सांधणारा मी
कोऱ्या कागदाकडे बघत बसलो.

मग तिनं संगणकावर मोठं करून दाखवलं:
एक मोरपंखी तंतू, आळोखेपिळोखे दिलेला,
त्या गारठ्यातही रंग न सोडलेला.
"पॉलिस्टर," मी म्हटलं, "आणि रंग पक्का."
यंत्रानंही तेच सांगितलं म्हणाली,
खरं यंत्राला दोन दिवस लागले.
"आपल्यातला असंल?"
"तसं कुणालाच सांगता येत नाही."

जहाजावर दर खेपेला एक ताटली कोरी उघडी ठेवतात,
माणसांच्या अंगावरनं काय झडतं ते कळायला.
सगळ्यांनी सुती कोट घालायचे.
अठराव्या ठिकाणी त्या ताटलीत लाल तंतू पडला.
शेवंतानं तिच्या बॅगेत तळाशी शाल कोंबली होती,
थंडीची पोर कुडकुडंल म्हणून.
त्या दिवसाचे सगळे लाल संजीवनीनं वहीतून खोडले.
"आपलं ते वजा करायचं, बाबा.
उरेल ते समुद्राचं."

मी कांड्यांचा हिशेब तोंडी करणारा माणूस,
खरं ही वजाबाकी रात्रभर सुटेना.
मागाखालची लव मी रोज झाडून मोरीत लोटतो,
मोरी गटारात, गटार बल्लारी नाल्यात,
नाला भाताच्या शेतांतून मार्कंडेयात,
मग घटप्रभा, मग कृष्णा.
पुढचं मला ठाऊक नाही.
मी पाहिला तो समुद्र गोव्याचा,
आणि आमचं पाणी त्या अंगाला जातच नाही.
शेजारच्या रुद्राप्पाची लवही त्याच मोरीत.
एक नोव्हेंबरला तो दारावर झेंडा लावतो,
मी माग बंद ठेवतो,
मोरीला दोघांचंही काही नसतं.
हे सगळं वजा धरायचं, की बाकीत?

विचारलं तर ती हसली नाही.
रात्री एक कोरी ताटली मागाशेजारच्या फळीवर ठेवली.
सकाळी भिंगाखाली घेतली,
अकरापर्यंत मोजलं, मग नुसता एक चौकोन मोजला,
मग गुणाकार मांडला आणि तसाच सोडला.
चष्मा काढून पुसला. लव चष्म्यावरही होती.
मला खोकला आला, नेहमीचाच,
खरं या वेळी तिनं वर पाहिलं.

जाताना तिनं तुकडे मागितले,
प्रत्येक रंगाचा बोटभर. ओळख पटवायला
असे नमुने जपून ठेवतात म्हणे.
आमच्या साड्या जिथं विकतात
तिथल्या गावाची चिठ्ठी त्यांना लागते.
आमचं गाव कापडावर कधी आलं नाही.
आता तिच्या अक्षरात, डबीवर:
वडगाव, बेळगाव. माग तिसरा. मोरपंखी.
मी दोनदा वाचलं. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही,
मान आणि चोरी एकाच वेळी पकडल्यागत.

शेवंतानं शालीची एक दशी तोडून पुढं केली.
"हीपण ठेव. तुझ्या वहीतनं खोडली ती."
संजीवनीनं डबी उघडली, दशी आत ठेवली,
पेन धरून बराच वेळ बसली.
बस साडेनऊची होती.
डबीवर काही न लिहिता तिनं ती पेटीत ठेवली.