एक फरशी पुढे

एकतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले,
मानेवाडा, हुडकेश्वर, इकडे अजनीपर्यंत.
फाटक वाजलं की आधी कुत्रं भुंकायचं,
मग आतून आवाज : कोण आहे?
मीटरवाला, म्हटलं की तो आवाज आणखी बारीक व्हायचा.
पाणी विचारणारी घरं मला पाठ होती,
कारण ती थोडी होती.

आता गुडघा बदलला आहे.
मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसतो, सकाळी सातला,
ऊन भिंतीवरून खाली उतरायच्या आत.
कूलरच्या टाकीला बारीक गळती आहे.
सिंधू म्हणते, एमसील लावा.
मी लावत नाही.
त्या थेंबाखाली सरडा येतो.

पहिल्या दिवशी नुसती सावली बघून पळाला
मेंदीच्या कुंपणात.
मी म्हटलं, ठीक.
खुर्ची तिथेच ठेवली आठ दिवस.
मग एक फरशी पुढे.
मग चार दिवस तिथे.
शिंक आली तर गिळायची,
मोबाइल आत, चहा गार.
एकदा सुनेने आणलेला पिवळाजर्द टी-शर्ट घातला
आणि तीन फरश्या मागे जावं लागलं.

बोरकुट्यांचा सुजल भिंतीवरून डोकावला, हातात गलोल.
"काय करून राहिले काका?"
बसून राहिलो.
"सरडा आहे ना तो? मारू का?"
बस, म्हटलं.
मला म्हणायचं होतं, पुरे.
तो भिंत उतरून खरंच बसला.
पाच मिनिटांनी कुजबुजला, पायाला मुंग्या आल्या.
खऱ्या असत्या तर त्याला दिल्या असत्या, मी म्हटलं,
आणि आम्ही दोघं तोंड दाबून हसलो,
खांदे हलू न देता.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
माझी तरी कुठे पुढे होती?
फाटक, मीटर, आकडा, फाटक.
तो निदान कुंपणाशी थांबून
मागे वळून बघतो.

मे लागला. पारा शेहेचाळीस.
त्याचा गळा लाल झाला,
जुन्या मीटरच्या चकतीवर असायची तशी खूण.
चकती फिरायची, लाल यायचं, जायचं,
मी फेऱ्या मोजायचो.
आताही मोजतो : डोकं वर, खाली, वर.
ते माझ्यासाठी नाही, एवढं कळतं.
सीताफळाच्या झाडावर कुणीतरी आहे.

परवा तो माझ्या स्लीपरवर चढला.
अंगठ्यावर नाही, स्लीपरवर.
रबर कोमट होतं म्हणून असेल.
एकोणीस मोजले मी.
कुणालाही सांगितलं नाही.
सिंधूला सांगितलं. ती म्हणाली, चावला असता तर?

घरातल्या पालीचं मात्र वेगळं.
तिची शेपटी माझ्यामुळे गेली,
दोन दिवाळ्यांपूर्वी, झाडूने.
फरशीवर तो तुकडा वळवळत राहिला,
मी स्टुलावर उभा,
आणि वर भिंतीवर ती, माझ्याकडे बघत.
नवी आली आहे, आखूड, बिनठिपक्यांची,
दुसऱ्याच कापडाचं ठिगळ लावावं तशी.
माणसाच्या मनात शंका आली
की पाल चुकचुकली म्हणतात.
पालीच्या मनात काय चुकचुकत असेल,
मी बटणाकडे हात नेला की?

म्हणून हात सावकाश नेतो.
बटणाशी थांबवतो.
ती ट्यूबलाइटच्या पट्टीमागून अर्धी बाहेर,
पाखरू दोन बोटं लांब.
साडेदहा झाले. जेवणं आटोपली. खोलीत कुणी नाही.
अशा फुकट जळणाऱ्या दिव्यांवरून
जन्मभर बोललो मी लोकांना.
युनिट पडतंय.
पडू दे.