तांदळाएवढी जागा

चौथ्या दिवशी सिऊ-खिमनं आरसा मागितला.
मी दिला नाही. पपईची बशी दिली.
तिनं चमचा उलटा केला
आणि त्यातच डोळे पाहून घेतले :
जांभळे, कडेला हिरवट,
खाली गालापर्यंत ओघळलेली हळद.
म्हणाली, "बघ, फुकटात रंगवून मिळालं.
खलनायकाचं काम असेल तर आज रात्रीच उभी राहते."

हसू नकोस, मी म्हटलं, टाके ओढतील.

छत्तीस वर्षं ती तरुण राजपुत्र होती,
यीलानच्या देवळांपुढं, ट्रकच्या फळ्यांवर.
कपाळाला पट्टी आवळून भुवया वर खेचायच्या,
पापण्यांना डिंक, डिंकावर काजळ, काजळावर घाम,
आणि मध्यरात्री तेलाच्या बोळ्यानं खसाखसा.
पापण्यांनी तरी किती सोसावं?
खाली आल्या त्या आल्याच,
पडदा ओढणारा दोरीवरच झोपी जावा तशा.
संवाद चालू, आणि राजपुत्राला आपली नायिका
कमरेपासून खालीच दिसायची.

नर्सनं कागद वाचून दाखवला,
देवळात कौलाची चिठ्ठी वाचतात त्या आवाजात :
टाके निघेपर्यंत पाणीसुद्धा जपून.
नंतर गालांना, ओठांना हवं तर लावा,
डोळ्यांच्या वाटेला जाऊ नका,
डॉक्टर पाहून हो म्हणेपर्यंत.
डिंक तर विसराच.
आणि जुने ब्रश, जुन्या डब्या फेकून द्या.
त्यात काय काय वस्तीला असतं, तुम्हाला माहीत नाही.

"माहीत आहे," सिऊ-खिम म्हणाली,
"माझी गुरू असते."

त्या ब्रशच्या दांडीवर गुरूच्या दातांचे व्रण आहेत.
तिनं तो फेकला नाही. वापरलाही नाही.
गुरूच्या फोटोपुढं, उदबत्त्यांच्या राखेत
रोवून ठेवला, केस वर करून.

बाराव्या दिवशी समुद्रदेवीचा वाढदिवस.
टाके निघालेले. दोन गुलाबी रेघा,
पहाटे फुगायच्या, दुपारी ओसरायच्या.
मंडळीत दुसरा राजपुत्र नव्हता.
देवी समजून घेईल, मी म्हटलं.
"तिला नाटक बघायचंय,
डॉक्टरचं सर्टिफिकेट नाही."

मग नवा स्पंज फोडला.
हनुवटी, ओठ, गाल.
गालाच्या हाडाशी माझा हात थांबला,
परक्याच्या उंबऱ्याशी पाय थांबतो तसा.
भुकटी उडू नये म्हणून तिनं श्वास धरला,
मीही.
पट्टी बांधली ती नुसती नावाला, सैल.

उभा राहिला राजपुत्र :
खाली विशीतला,
वर साठीची बाई.
सॉसेज भाजणारा चिमटा हातात धरून तसाच राहिला.
प्लॅस्टिकच्या स्टुलांवर अकरा माणसं, एक कुत्रा,
आणि समोर गाभाऱ्यात ती, जिच्यासाठी हे सगळं,
धुरानं इतकी काळी
की डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळत नाही.

निरोपाचा प्रवेश आला
आणि सिऊ-खिमला बी-लिआनचा अख्खा चेहरा दिसला.
ओळ विसरली.
ढोलवाल्यानं दोनदा थाप देऊन आठवण केली.
रडू नकोस, पुसायला हात जाईल,
मी विंगेतून खुणावत होते.
तिनं मान उचलली, पाणी डोळ्यांतच धरलं,
काठोकाठ पेला चढावरून नेतात तसं,
आणि ओळ म्हटली. भलतीच म्हटली.
"तुला तीळ आहे गालावर."
एकोणीस वर्षांची नायिका लाजली.
नाटकात ते नव्हतं.

सहाव्या आठवड्यात डॉक्टर हो म्हणाले.
नवी पेन्सिल, किमतीचा कागद अजून चिकटलेला.
रेघ आणि वणाच्या मध्ये
तांदळाएवढी जागा सोड, ती म्हणाली.
भरलंय आता, मी म्हटलं.
"तरी सोड."

सोडली.
त्या रात्री तेलाचा बोळा पापणीवर नुसता ठेवला
आणि शंभरपर्यंत मोजायला लागले, न घासता.
सत्तरच्या आसपास
तिला झोप लागली.