असेल तो उजेड

त्या हिवाळ्यात कुताइसीत वीज यायची
आगाऊ पाहुण्यासारखी, न सांगता,
आणि पाणी उकळायच्या आत जायची.
वार्लामच्या स्टुडिओतले दोन मोठे दिवे
चादरी पांघरून कोपऱ्यात उभे,
लग्नात कुणी न विचारलेल्या काकांसारखे.

मी एकोणीस वर्षांची. फोटो काढायला शिकायचं होतं.
त्यानं पहिल्या दिवशी कॅमेरा दिलाच नाही.
एक अंडं दिलं.
"संध्याकाळी खायचंय. तोवर बघ."

खिडकीशी ठेवलं. हातभर मागे नेलं.
पडदा ओढला, सोडला.
नऊ वाजता सावली लांब आणि निळसर,
बाराला अंड्याखाली दडून बसलेली,
चारला कडा इतकी मऊ
की अंडं कुठं संपतं
नि संध्याकाळ कुठं सुरू होते, कळेना.
मग ते आम्ही खाल्लं. अर्धं अर्धं. मीठ नव्हतं.

पहिला चेहरा बेकरीतल्या लमाराचा.
अर्धा भाजलेला, अर्धा कोळसा.
वार्लामनं प्रिंट दारात नेऊन पाहिली:
"वा! काय उजेड पाडलास!
खिडकी छान आलीय. बाई कुठाय?"

दुसऱ्या दिवशी लमारानंच पिठाची रिकामी गोणी आणली.
उलटी केली, आतली पांढरी बाजू वर,
आणि मी ती धरली तिच्या हनुवटीखाली.
गालाखालच्या अंधाराला
जरासा उसना उजेड.
माझ्या बाह्या आठवडाभर पिठानं माखलेल्या.

पासपोर्टवाल्यांना सावली चालत नसे.
दोन्ही कान दिसले पाहिजेत, नाकाखाली काळं नको.
देश सोडणारा माणूस
सगळीकडून सारखाच उजळ लागतो म्हणे.
त्यांना आम्ही अंगणात उभं करायचो, ढगाखाली,
आणि बर्फ पडला की आमची चांदी:
खालूनही प्रकाश, आणि दारात रांग.
वीस-वीस जण, पाय आपटत,
एकच कोट आळीपाळीनं घालून.

फेब्रुवारीत त्सियुरी आली, धाकट्याला घेऊन.
थोरला, रेवाज, लढाईवरून आला नव्हता;
म्हणजे आला होता, पण बंद पेटीत.
थडग्याच्या दगडावर कोरायला चेहरा हवा
आणि घरात त्याचा एक फोटो नाही.
"हा अगदी तसाच दिसतो," ती म्हणाली,
"फक्त याच्या डाव्या गालावर तीळ आहे. त्याच्या नव्हता."

बाद्री खुर्चीत बसला, भावाचा कोट घालून.
खांदे सैल पडत होते.
वार्लामनं कॅमेरा माझ्याकडे सरकवला
आणि स्वतः स्टोव्हपाशी जाऊन बसला, पाठ करून.

मी खुर्ची फिरवली.
उजवा गाल खिडकीकडे.
गोणी घडी करून ठेवली, आज उसनं काही नको.
डावा गाल हळूहळू गेला,
आधी कान, मग जबडा, मग तीळ.
त्सियुरीनं तोंडावर हात ठेवला.
इतके दिवस मी उजेड कुठं पाडायचा ते शिकत होते.

तेवढ्यात वीज आली.
चादरींच्या आत दोन्ही दिवे भकन पेटले
आणि भिंतीवर आम्ही चौघं, सपाट.
वार्लाम उठला, काही न बोलता
बटण बंद करून आला.
भर फेब्रुवारीत, आलेली वीज!

मी तीन वेळा क्लिक केलं.

कोट काढून बाद्रीनं घडी केली,
आईच्या मांडीवर ठेवली, पण तो उठेना.
"माझाही एक काढाल? माझा."

मी खुर्ची दुसऱ्या बाजूला वळवली.
स्वेटर कोपरावर उसवलेला.
तीळ खिडकीत आला, तांबूस, तिळापेक्षा जरा मोठाच.
आता तोंड कसं ठेवायचं, त्याला सुचेना.
आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"हसू का?"

कुणीच काही बोललं नाही.
स्टोव्हवरचं पाणी वाजायला लागलं.
वार्लामनं खिडकीबाहेर पाहिलं, नदीपलीकडच्या छपरांकडे,
आणि म्हणाला,
"घाई नाही, पोरा. अजून वीस मिनिटं आहेत."