करारात काय काय

मी एक पान टाइप केलं होतं:
सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन,
महिन्याचा पगार, रविवारी सुट्टी,
खाली सह्यांसाठी दोन रेघा.
वाटलं, पुरे.
भल्या माणसांत अजून काय लागतं?

म्झेविनारने चष्मा लावला, पान वाचलं,
आणि पिशवीतून, लिंबांच्या खालून,
चार घड्यांचा स्वतःचा कागद काढला.
द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी गोल अक्षरं.
मला त्यातलं एकही लागेना.
"कालामारियातल्या घरी कागद नव्हता," ती म्हणाली,
"भली माणसं होती."

मग ती तुटक ग्रीकमध्ये सांगत गेली
आणि मी लिहीत गेले.

साडेतीन म्हणजे साडेतीन.
तुमची मीटिंग लांबली तर घड्याळ चालू राहील,
पैसेही.
विम्याचे हप्ते पहिल्या दिवसापासून भरा.
मी म्हातारी होणार आहे, फोतिनी,
बहुतेक तुमच्याच देशात.
इस्त्री स्त्रातीसच्या कपड्यांना.
साहेबांच्या शर्टांना नाही.
(इथे माझा नवरा कॉफीचा कप घेऊन
हळूच बाल्कनीत गेला.)
तुमचा नाताळ पंचवीस डिसेंबरला,
आमचा सात जानेवारीला.
"मग दोन्ही दिवस सुट्टी?" मी विचारलं.
"एकच. पण माझा."

दुपारी तो झोपला की वीस मिनिटं
फोन माझा, वेळ माझी.
झेस्ताफोनीत मला एक नातू आहे,
त्याने आजीला अजून फक्त मानेपर्यंत पाहिलंय.

कॅमेरा लावला असेल तर कुठे ते आत्ताच सांगा.
माझी नजर पुस्तकांच्या फळीकडे गेली,
तिचीही, माझ्या मागोमाग.
लिहिलं: दिवाणखाना, एक.
"स्वयंपाकघरात नको. तिथे मी स्वतःशी बोलते."

हात उगारणार नाही, तो चावला तरी.
तो चावतो. हेही लिहा.

सोडायचं झालं तर महिनाभर आधी कळवायचं,
तुम्ही मला, मी तुम्हाला.
इथे तिने चष्मा काढला.
"आणि त्याला?"
मला समजलं नाही.
"त्या घरी एक मुलगी होती, इरो.
शुक्रवारी रात्री आईचा फोन आला,
सोमवारपासून येऊ नका.
पोरीला काय सांगितलं, देव जाणे.
माझ्या चपला दाराशीच राहिल्या होत्या."

म्हणून लिहा:
त्याला मी स्वतः सांगेन, मांडीवर घेऊन.
निरोपाची एक दुपार. तिचे पैसे नकोत.
मी 'नकोत' खोडून 'देय' केलं.
तिने माझा हात बाजूला सारून
एका बोटाने एकेक अक्षर शोधत
पुन्हा 'नकोत' केलं.

कागद संपला होता, पण ती उठेना.
"एक अजून. मी त्याला माझ्या भाषेत झोपवणार,
दुसऱ्या भाषेत मला झोपवता येत नाही.
आमच्यात ममा म्हणजे बाप,
आई म्हणजे देदा.
तो तुम्हाला ममा, ममा करत धावत येतो ना,
मला आतल्या आत हसू फुटतं."
आम्ही दोघीही हसलो.
टेबलाखाली स्त्रातीस लिंबू चाटून तोंड वाकडं करत होता
आणि पुन्हा चाटत होता.

"पण उद्या तो मला देदा म्हणाला
तर काय करू?
ओ देऊ?
की चूक सुधारू?"

कर्सर लुकलुकत राहिला.
बाल्कनीत कप बशीवर टेकल्याचा आवाज.

सह्या झाल्या, तारीख पडली.
एक प्रत तिच्या पिशवीत,
एक आमच्या फ्रिजवर, बोटीच्या चुंबकाखाली.
शेवटच्या कलमाला नुसता आकडा आहे,
पुढे काही नाही.
नवऱ्याला वाटतं, टायपिंगची चूक.